‘टेन्शनमुळे आजार वाढतो’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘मानसिक ताणाचा मधुमेहावर होणारा परिणाम : एक अभ्यास’. मला ते फार भारदस्त वाटायचं. सरांनी ते वाचलं, पेन्सिल घेतली, कागदाच्या डाव्या बाजूला ‘ताण’ लिहिलं, उजव्या बाजूला ‘मधुमेह’ लिहिलं आणि मधे एक बाण काढला. “या बाणावर काय लिहायचं?” मी म्हटलं, “परिणाम.” ते म्हणाले, “ते तर बाणाचंच दुसरं नाव झालं. बाणाच्या आत काय घडतंय ते सांग.”

मला सांगता आलं नाही. कमिटीसमोर जाण्याआधीच सिनॉप्सिस घरी परत आला.

तुमच्यापैकी बरेच जण आता पेट देऊन विषय शोधत असतील. मन आणि शरीर यांच्या नात्यावरचा विषय घ्यायचा मोह मानसशास्त्रातच नाही, तर नर्सिंग, समाजकार्य, गृहविज्ञान सगळीकडे असतो. विषय चांगलाच आहे. पण ‘मनाचा शरीरावर परिणाम होतो’ हे वाक्य संशोधनाचा प्रश्न म्हणून घेतलं, तर ते तीन-चार वेगवेगळ्या प्रश्नांचं गाठोडं असतं. ते न सोडता डेटा गोळा करायला निघालात तर काय होतं, ते मी भोगलंय. म्हणून ही पोस्ट.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे ‘सायकोसोमॅटिक’ हा शब्द ‘काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे’ या अर्थाने सर्रास वापरतात. इथे आपण त्याबद्दल बोलत नाही. डीएसएम-५ या २०१३ सालच्या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात ‘इतर वैद्यकीय आजारांवर परिणाम करणारे मानसिक घटक’ असं एक स्वतंत्र निदान आहे. आयसीडी-१० मध्ये साधारण याच अर्थाचा कोड एफ५४. त्याची पहिली अटच अशी, की शारीरिक आजार खराखुरा असला पाहिजे. दमा आहे, हृदयविकार आहे, मधुमेह आहे, आणि त्या आजारावर मनातल्या किंवा वागण्यातल्या कशाचा तरी वाईट परिणाम होतोय. तो परिणाम कसा, याच्या चार वाटा तिथे दिल्यात. सरांच्या बाणावर नेमकं हेच लिहायचं होतं.

पहिली वाट म्हणजे वेळेचा मेळ : मानसिक घटक आणि आजाराचं सुरू होणं, बळावणं किंवा लांबणं एकमेकांच्या मागेपुढे घडतं. ही सगळ्यात कच्ची वाट आहे, कारण तिच्यात कारण सांगितलेलंच नाही, फक्त तारखा जुळवल्यात. दुसरी, मानसिक घटकामुळे आरोग्याला वेगळाच धोका तयार होतो : उदास माणूस जास्त सिगारेटी ओढतो, चालायला जाणं सोडतो. ही वाट सरळ आहे, तिच्यावर फार बोलायला नको. उरलेल्या दोन मात्र नीट बघायच्या आहेत. एक थेट शरीरातून जाते आणि दुसरी उपचारातून.

शरीरातल्या वाटेचं माझं आवडतं उदाहरण परीक्षेचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर एक छोटीशी, मोजूनमापून जखम केली. एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, जखम तेवढीच. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. हा अभ्यास १९९८ सालचा. त्याआधी १९९५ मध्ये याच गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या इतर १३ बायका घेतल्या होत्या. हातावरची जखम भरायला काळजी घेणाऱ्यांना सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांना ३९.३.

११ आणि १३ हे आकडे बघून नाक मुरडू नका. सॅम्पल छोटं आहे हे खरंच. पण डिझाइनकडे बघा. पहिल्या अभ्यासात प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःशीच आहे, म्हणजे वय, वजन, घरची परिस्थिती हे सगळं आपोआप सारखं झालं. आणि परिणाम म्हणून जे मोजलं ते विद्यार्थ्याच्या सांगण्यावर अवलंबून नव्हतं, कारण जखम किती उरली ते डोळ्यांनी दिसतं. तीनशे लोकांना दोन प्रश्नावल्या वाटून त्यांच्यातला सहसंबंध काढण्यापेक्षा हे कितीतरी वजनदार काम आहे. (माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये बरोबर तीनशे लोक आणि दोन प्रश्नावल्या होत्या, हे इथे कबूल करते.)

आता उपचाराची वाट. इथे आपली सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा बसून बोलू.

अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली होती, कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट. काहींना क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी कॅप्सूल. १९८० मध्ये त्यातला एक उपविषय छापून आला. क्लोफायब्रेट घेणाऱ्यांपैकी ज्यांनी ८० टक्के किंवा जास्त डोस घेतले, त्यांच्यात पाच वर्षांतला मृत्युदर १५.० टक्के होता, आणि ज्यांनी त्याहून कमी घेतले त्यांच्यात २४.६ टक्के. इथे थांबलं तर निष्कर्ष सोपा आहे : औषध काम करतं, फक्त नियमित घ्या.

पण प्लासिबोच्या गटातही तेच गणित मांडलं होतं. नियमित घेणाऱ्यांमध्ये १५.१ टक्के, अनियमितांमध्ये २८.२ टक्के.

परत वाचा. ज्या कॅप्सूलमध्ये काहीच नव्हतं, ती नियमित घेणारे कमी मेले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये मैत्रिणीला हात हलवून हलवून सांगितलं, की बघ, विश्वासाची ताकद! ती संख्याशास्त्राची. तिने शांतपणे विचारलं, “नियमित गोळ्या घेणारी माणसं आणखी काय काय नियमित करत असतील?” झालं. हेच उत्तर होतं. जो वेळेवर गोळी घेतो, तो बहुधा पथ्यही पाळतो, तपासणीलाही येतो, घरी त्याला आठवण करणारंही कुणी असतं. उलटंही खरं असू शकतं : ज्याची तब्येत ढासळत चाललीय, त्याच्याच गोळ्या चुकतात. म्हणजे गोळी चुकली म्हणून तब्येत बिघडली, की तब्येत बिघडली म्हणून गोळी चुकली? मूळ संशोधकांनी सुरुवातीच्या चाळीस वैशिष्ट्यांचा हिशेब करून बघितला, तरी फरक बराचसा उरलाच. पण २०१६ मध्ये एलिनॉर मरे आणि मिगेल हर्नान यांनी तोच जुना डेटा नव्या पद्धतींनी तपासला. त्यांनी अभ्यास सुरू झाल्यानंतर रुग्णांमध्ये काय बदलत गेलं तेही हिशेबात घेतलं, तेव्हा तो फरक खूपच आक्रसला. छत्तीस वर्षं लोक ज्याला ‘प्लासिबोची जादू’ म्हणत होते, त्यातला बराच भाग हिशेबाच्या पद्धतीतला होता.

मग अपेक्षा, भीती, विश्वास यांचा उपचारावर काहीच परिणाम नाही का? आहे, आणि तो सिद्ध करायचा असेल तर काय करावं लागतं ते सॅमसन नावाच्या चाचणीत दिसतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने ती २०२० मध्ये प्रसिद्ध केली. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या अनेक जण अंग दुखतं, थकवा येतो म्हणून बंद करतात. अशाच, त्रास झाला म्हणून गोळी सोडलेल्या ६० लोकांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत ॲटोरव्हास्टॅटिन, चारमध्ये प्लासिबो आणि चार चक्क रिकाम्या. कोणत्या महिन्यात कोणती बाटली, हा क्रम प्रत्येकासाठी रँडम. रोज मोबाइलवर त्रासाला ० ते १०० मध्ये गुण द्यायचे.

रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी गुण आले ८.०. प्लासिबोच्या महिन्यांत १५.४. खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३.

वहीत वजाबाकी करून बघा. गोळी अजिबात न घेण्यापेक्षा खरी गोळी घेतल्यावर जितका त्रास वाढला, त्यातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. याला नोसिबो म्हणतात, अपाय होणार या अपेक्षेतून झालेला अपाय. इथे कुणी नाटक करत नव्हतं. अंग खरंच दुखत होतं, फक्त दुखण्याचं कारण बहुतांशी स्टॅटिन नव्हतं. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट : चाचणी संपल्यावर प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे दाखवले, तेव्हा निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. त्या रिकाम्या बाटल्या नसत्या तर यातलं काही कळलं नसतं, कारण प्लासिबोची तुलना नुसती औषधाशी करून प्लासिबोचा परिणाम मोजता येत नाही.

आता या सगळ्याचा कस जिथे लागला, त्या अभ्यासाकडे येते. तो वाचून मी आठवडाभर गप्प होते.

१९९३ मध्ये माँट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकनंतर दाखल झालेल्या २२२ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. साधारण सहापैकी एकाला तीव्र नैराश्य होतं. सहा महिन्यांत १२ जण दगावले. आणि हृदयाची अवस्था वगैरे हिशेबात घेऊनही नैराश्य असलेल्यांचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त निघाला. बारा मृत्यूंवर आधारलेला आकडा जपूनच वापरायचा असतो, पण पुढच्या अनेक अभ्यासांत दिशा तीच दिसली. मग पुढचं पाऊल कुणालाही सुचेल असंच : नैराश्यावर उपचार करा, माणसं वाचतील.

अमेरिकेत त्यासाठी एनरिच्ड नावाची चाचणी झाली. नुकताच हार्ट अटॅक आलेले आणि नैराश्य किंवा एकटेपणा असलेले २,४८१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय बोधात्मक वर्तनोपचार, आणि गरज पडली तर नैराश्यावरची औषधं. सरासरी २९ महिने पाठपुरावा. निकाल २००३ मध्ये आला. पुन्हा अटॅक किंवा मृत्यू न येता राहिलेले रुग्ण नेहमीच्या उपचारांत ७५.९ टक्के, समुपदेशनाच्या गटात ७५.८ टक्के.

उपचाराने मनःस्थिती सुधारली होती. हृदयाला फरक पडला नव्हता.

सर म्हणतात, या निकालाचं तू काय करतेस त्यावरून कळेल तू संशोधक आहेस की प्रचारक. पटकन दोन टोकं सुचतात : ‘मनाचा काही संबंध नाही’ किंवा ‘अभ्यासच चुकला’. दोन्ही घाईची. नैराश्य हे कारण नसून खूण असू शकतं, म्हणजे हृदयाचं जास्त नुकसान झालेला माणूस जास्त थकलेला आणि जास्त उदास असतो, आणि आपण धुराला आग समजतो. किंवा उपचाराचा जोर कमी पडला असेल : नेहमीच्या उपचारांतल्या रुग्णांचं नैराश्यही बरंच उतरलं होतं, त्यामुळे दोन गटांतलं अंतर अपेक्षेपेक्षा कमी राहिलं. किंवा मापात गडबड असेल. ही तिसरी शक्यता तुम्ही स्वतः तपासू शकता. नैराश्य मोजायला आपण सगळेच वापरतो ती पीएचक्यू-९ प्रश्नावली काढा. झोप, थकवा, भूक, यांवर प्रश्न आहेत. आता ती रात्रीतून चार वेळा लघवीला उठणाऱ्या मधुमेहीला द्या. गुण कशाचे मिळाले, मनाचे की साखरेचे?

प्रश्न अजून मिटलेला नाही. २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या ३०० रुग्णांचा अभ्यास आला. २४ आठवडे एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध घेतलेल्यांमध्ये, मध्यक आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, हृदयाच्या गंभीर घटना ४०.९ टक्के आणि प्लासिबो घेतलेल्यांमध्ये ५३.६ टक्के. कोणता खरा? कदाचित दोन्ही. रुग्ण वेगळे, उपचार वेगळा, काळ वेगळा. आणि आपल्याकडे चेन्नई, बंगळुरू, विशाखापट्टणम आणि दिल्ली इथल्या दवाखान्यांतल्या ४०४ रुग्णांवर झालेली इंडिपेंडंट ही चाचणी तर मला माझ्या कामासाठी सगळ्यात जवळची. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेले रुग्ण. तिथे मन सुधारून साखर आपोआप उतरेल म्हणून वाट बघत बसले नाहीत. एक सहायक नेमला, तो रुग्णाच्या संपर्कात राहायचा, आणि तज्ज्ञ ठराविक काळाने त्या रुग्णाचं नैराश्य आणि साखर-रक्तदाब एकाच बैठकीत बघायचे. २०२० मध्ये आलेल्या निकालात नेहमीच्या उपचारांपेक्षा हा गट पुढे होता. बारकाईने बघा, इथे प्रश्नच बदललाय. मनावर उपचार केल्याने शरीर बरं होतं का, हा प्रश्न नाही. दोन्हींकडे एकत्र लक्ष दिल्याने दोन्ही सुधारतात का, हा आहे.

इतकं सगळं वाचूनही मी माझी चूक केलीच. ती आता सांगते.

एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मी डेटा घेत होते. साठीच्या आसपासच्या एक मावशी, एचबीएवनसी दहाच्या वर, दोन वेळचं इन्सुलिन. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेलं, ‘टेन्शन घेऊ नये.’ सोबत आलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, आई विचार फार करते, त्यानेच शुगर वाढते.” मावशी काही बोलल्या नाहीत. मी त्यांना ताण मोजायची दहा प्रश्नांची प्रश्नावली वाचून दाखवली, गुण मध्यम आले, फॉर्म बंद केला. मुलगा औषधं आणायला गेला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “टेन्शन काय मी घेती व्हय? ते आपलं येतंय. पण शुगर का वाढती ते मला ठावं हाय. मी रातच्याला सुई अर्धीच टोचते.”

का, तर दोन वर्षांपूर्वी रात्री त्यांची साखर एकदम उतरली होती. घरात एकट्या. घाम सुटला, हातपाय कापायला लागले, दाराची कडी काढता येईना. शेजारणीने आवाज ऐकला म्हणून वाचल्या. तेव्हापासून रात्री २० युनिटच्या जागी १०. मुलाला सांगितलं नाही, कारण तो रागावेल. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. मी तर विचारायलाच बसले होते, आणि माझ्या फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता.

साखर खाली जाण्याची भीती हा मधुमेहाच्या संशोधनात नीट अभ्यासला गेलेला मानसिक घटक आहे. तो मोजायच्या प्रश्नावल्याही आहेत. म्हणजे मावशींच्या बाबतीत डाव्या बाजूला ‘ताण’ नव्हता, ‘भीती’ होती. आणि बाण शरीरातून नाही, उपचारातून जात होता. ताणाने ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल वाढतं आणि त्याने साखर चढते, हे खरं आहे. पण दोन वर्षं अर्धा डोस घेतलेल्या बाईच्या बाबतीत ते उत्तर शोधणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर तिला ‘विचार करू नकोस’ सांगून आपण दोष तिच्याच पदरात टाकत होतो. ती विचार करत होती आणि बरोबर विचार करत होती. एकट्या माणसाने रात्री साखर उतरण्याला घाबरणं यात चूक काय?

त्यांची परवानगी घेऊन मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी डोसाची विभागणी बदलली, उशाशी साखर ठेवायला सांगितली, आणि मुलाला बाहेर बसवून पाच मिनिटं मावशींशी बोलले. पुढे त्यांची एचबीएवनसी किती झाली, ते माझ्या डेटात नाही. अभ्यास क्रॉस-सेक्शनल होता, एक रुग्ण एकदाच. तुमचा बाण जर काळाबरोबर जाणारा असेल, तर डेटाही काळाबरोबर जाणारा लागतो, हे मला त्या रिकाम्या रकान्याने शिकवलं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर आज रात्री एवढंच करा. तुमचं शीर्षक एका कागदावर लिहा. ‘मानसिक घटक’ खोडून नेमका शब्द लिहा : भीती, नैराश्य, अपेक्षा, एकटेपणा, जे असेल ते. ‘परिणाम’ खोडून चारपैकी वाट लिहा. मग बाण उलटा काढून बघा, आजारामुळेच हे मन असं झालं असेल का? आणि शेवटी एक तिसरी गोष्ट शोधा, गरिबी, वय, आजाराची तीव्रता, जिच्यामुळे दोन्ही टोकं हलत असतील. हे जमलं नाही तर प्रश्नावली छापायला टाकू नका, झेरॉक्सचे पैसे वाया जातात.

माझं शीर्षक आता असं आहे : ‘टाइप-२ मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्या व एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ रुग्णांमधील रक्तशर्करा कमी होण्याची भीती आणि इन्सुलिनचा डोस स्वतःहून कमी करणे : बारा महिन्यांचा पाठपुरावा’. कमिटीत एक जण म्हणाले, फार लांब आहे, थोडं सुटसुटीत करा. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “यातला कोणता शब्द काढू, सर?” बराच वेळ कागद उलटसुलट झाला, आणि मग त्यांनी सही केली.